फुललेलं रोप नकोच

नर्सरीत गेलं की हात आपोआप उंच रोपाकडे जातो. वीतभर वाढलेली मिरची, वर दोन पांढरी फुलं, पोटाशी एखादी इवलीशी मिरचीही लोंबत असते. "हे घ्या ताई, लगेच तोडायला येतील," असं म्हणत नर्सरीवाला तीच पुढे करतो. मी मात्र कोपऱ्यातला बुटक्या रोपांचा ट्रे मागते. करंगळीपेक्षा थोडी उंच, जाड देठाची, चार-पाच गर्द पानांची रोपं. ती बघून आमच्या शेजारच्या काकू दर वेळी म्हणतात, "अगं, ही कधी वाढायची?"

वाढतात, आणि उंच रोपांना मागे टाकतात. ट्रेच्या कप्प्यात जेमतेम मूठभरही कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मावत नाही. त्यात रोप फार दिवस राहिलं की मुळं गोल गोल फिरत स्वतःलाच गुंडाळून घेतात. मग त्याला फूल येतं ते जोमानं नाही, उपासमारीनं. असं रोप जमिनीत लावलं तरी बरेच दिवस आहे तेवढंच राहतं, आणि त्याला लागलेली मिरची खुडूनच टाकावी लागते. टोमॅटो साधारण २५ दिवसांचा, वांगी-मिरची ३५ ते ४० दिवसांची झाली की लावून मोकळं व्हावं.

घेताना मी एक रोप कप्प्यातून अलगद वर काढून बघते. नर्सरीवाल्याला ते आवडत नाही, पण मी सोडत नाही. मुळं पांढरी असावीत आणि त्यांनी कोकोपीट धरून ठेवलेलं असावं. तपकिरी झाली असतील तर तो ट्रे नको. दुसरं म्हणजे ट्रेवरून हात फिरवायचा. पांढरा भुगा उडाल्यासारखं वाटलं तर ती पांढरी माशी. टोमॅटो-मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, तीच पसरवते, आणि एकदा पानं वाटीसारखी वळली की त्या झाडाला औषध नाही, उपटायचंच.

आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, हे ट्रे प्रकरण मुळातच मान्य नाही. ते आठवडी बाजारातून वांग्याच्या तरूची, म्हणजे वाफ्यातून उपटलेल्या रोपांची, जुडी आणतात. मुळांना ओला चिखल, वर केळीचं पान, सुतळीनं बांधलेली. "तुझ्या रोपांना मातीची ओळखच नाही," हा त्यांचा टोला. खरं सांगायचं तर वांग्याच्या बाबतीत त्यांचं ऐकावं. वांगं चिवट. उपटताना मुळं तुटली तरी दोन-चार दिवस मान टाकून पुन्हा उभं राहतं, आणि जुडी ट्रेपेक्षा स्वस्तही पडते. टोमॅटो, ढोबळी आणि फ्लॉवर मात्र मी ट्रेमधलेच घेते.

आमचं घर कराडला. मागे काळी माती. जुलैत रिपरिप लागली की तिच्यात पाणी नुसतं उभं राहतं आणि रोपं बुडातून कुजतात. त्यामुळे सपाट वाफा करायचाच नाही. चांगला वीतभर उंच वरंबा घालायचा, त्यात कुजलेलं शेणखत आणि मूठ-मूठ निंबोळी पेंड मिसळायची, आणि रोप वरंब्याच्या बगलेला लावायचं. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. लावताना ते फार लांब वाटतं, पण वांग्याचं झाड पसरलं की कमीच पडतं.

रोपांची लागण दुपारी चारनंतर, किंवा आभाळ आलेलं असेल तर कधीही. ट्रे आधी पाण्यात बुडवून घ्यायचा, कारण कोकोपीट एकदा कोरडं पडलं की वरून ओतलेलं पाणी लवकर धरत नाही. मुळांभोवतीच्या कोकोपीटच्या गड्डीवर बोटभर माती यायला हवी. ती उघडी राहिली तर वाऱ्यानं सुकते आणि भोवती ओल असूनही रोप सुकतं. टोमॅटोला थोडी अजून मोकळीक आहे. खालची पानं काढून देठ निम्मा गाडला तरी चालतो. देठावरच्या सालीतून नवी मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं. वांगी-मिरचीला मात्र असं गाडू नये. पाऊस नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लागणीनंतरचं पुढचं पाणी, द्यायची. ट्रेमधली थोडी रोपं नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, सावलीत ठेवायची. लागतातच.

लागणीच्या दिवशी घरात एक ठरलेला संवाद होतो.

"अण्णा, आधी साबणानं हात धुवा."

"चाळीस वर्षं रान केलं मी. तंबाखू मळतच लावली सगळी रोपं."

"धुवा हो."

तंबाखूतला मोझॅक रोगाचा विषाणू मळलेल्या हातांवरून टोमॅटो-मिरचीच्या रोपांवर जातो. टोमॅटो, मिरची आणि तंबाखू तिन्ही एकाच कुळातली. अण्णा पुटपुटत का होईना, मोरीकडे जातात.

उंच, वयस्कर रोप मी मागून घेते ते फक्त झेंडूचं. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ सुचवली आहे, आणि त्यात टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं तर झेंडूचं ४० ते ४५ दिवसांचं घ्यायचं. म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात, आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो. माझ्याकडे १६ ओळी कुठल्या! मी कडेनं लावते. दसऱ्याला तोरणापुरती फुलं निघतात, हा वरचा फायदा.

पावसाळ्यातला खरा शत्रू शंखी गोगलगाय. रात्रीत कोवळं रोप देठापर्यंत फस्त. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ पसरून ठेवायचं. सकाळी उचललं की खाली चिकटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या गोगलगायी दिसतात. चिमट्यानं वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. किळसवाणं काम आहे. पोरं शाळेत जायच्या आधी हौसेनं करतात म्हणून निभतं.

हल्ली गाजर-मुळ्याचीही रोपं विकायला दिसतात. ती अजिबात घेऊ नयेत. सोटमूळ दुखावलं की गाजराला दोन-तीन पाय फुटतात. मेथी, मुळा, गाजर जागेवरच पेरायचं. कोथिंबिरीचंही तेच. धणे चपलेखाली रगडून दोन फोडी करायच्या आणि टाकायचे.

वासाच्या झाडांना मात्र नर्सरीत पैसे घालवायची गरजच नाही. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पेल्यात पाणी घालून ठेवल्या की आठवड्याभरात मुळं धरतात. लावायचा मात्र कुंडीतच, नाहीतर वाफा त्याचाच होतो. गवती चहाचा ठोंब शेजाऱ्यांकडून. कढीपत्त्याच्या जुन्या झाडाभोवती फुटवे येतात, त्यातला एक मुळासकट काढायचा. लेकीला पिझ्झावर घालायला बेसिल हवी होती आणि नर्सरीत त्याच्या एवढ्याशा कुंडीला भलतीच किंमत सांगितली. फालुद्यातला सब्जा त्याच जातीतला. डब्यातला चिमूटभर पेरला, उगवला. वास थोडा वेगळा आहे, तिची तक्रार आहे, पण खाते.