चौघींचा वाढदिवस

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मालवण स्टँडवर पर्यटकांचीच झुंबड असते. २०२६ च्या त्या सकाळी आचरामार्गे देवगडला जाणाऱ्या गाडीवर मी वाहक होते. गर्दीतून पहिल्या आजी चढल्या आणि मागच्या लांब बाकावर तीन पिशव्या मांडून बसल्या. तीन जागा तिघींसाठी.

चौघी एकाच वाडीत वाढलेल्या. लग्नं होऊन एक मालवणात गेली, बाकीच्या कोळंब, आचरा, मिठबावला. रस्ता एकच, तरी वर्ष-वर्ष भेट नसायची. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटी मोफत झाली आणि ही मंडळी थांब्याथांब्यावर गाडीत येऊ लागली.

मिठबावच्या आजी वयाने मागे राहिलेल्या. बायकांना निम्मं भाडं आहे, तेवढं त्या द्यायच्या. मी मशीनला हात लावला की तिघी ओरडायच्या, "आमच्या चेडवाचा अर्धा काढ गो!"

त्या दिवशी त्या आधार कार्ड हातात धरूनच चढल्या. जन्मतारीख १ जानेवारी १९५१. मी शून्य रुपयाचं तिकीट दिलं. त्यांनी ते जवळ नेलं, लांब धरलं, शेवटी शेजारणीचा चष्मा काढून घेऊन वाचलं.

"आता माका खुशाल म्हातारी म्हणा. सरकारानच लिवन दिल्यान."

मी शुभेच्छा दिल्या, तर बाकीच्या तिघींनीही आपापली कार्डं पुढे केली. वर्षं वेगवेगळी, तारीख सगळ्यांची १ जानेवारी! जन्माची नोंद कुणाच्याच घरी नव्हती. वय अंदाजाने सांगितलं की कार्डावर हीच तारीख येते.

"वाडीत सुईण एकच होती," आचऱ्याच्या आजी म्हणाल्या. "एक जानेवारीक राबा आणि मगे वर्सभर झोप!"

अख्खी गाडी हसली. कोळंबच्या आजी तेवढ्या खिडकीबाहेर बघत होत्या. कानातलं यंत्र त्यांच्या मुठीत होतं. बिघडलं का, असं मी खुणेने विचारलं.

"नाय गो, बॅटरी वाचवतंय. ही काय बोलतली ता माका साठ वर्सां म्हायत आसा."

"देवगडला काय काम काढलंत?" मी विचारलं.

"काम कसला? चाय पिवक," मालवणच्या आजी म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "पयली खंय जावचा तर झिलाकडे पैशे मागूचे लागत. मगे तो इचारी, कित्याक जातस? आता कोणाक सांगूक नको."

काही प्रवासी तोंड वाकडं करतात, फुकटात फिरतात म्हणतात. मला संताप येतो. दवाखाना, बँक, कुणाचं बारावं, एवढ्यासाठीच ज्या उंबरा ओलांडत आल्या, त्यांनी मैत्रिणीबरोबर चहा प्यायला जायचं तेही कुणाच्या डोळ्यांत खुपावं? ही मोकळीक चाळिशीतच मिळायला हवी होती त्यांना.

परतीला गाडी सुटायच्या वेळी चौघी भज्यांच्या पुड्या घेऊन आल्या. एक मला, एक ड्रायव्हरदादांना. मी नको-नको म्हणत होते, तर मिठबावच्या आजींनी पुडी माझ्या तिकिटाच्या बॅगेवरच ठेवली.

"घे गो बाय. अर्ध्या तिकिटाचे पैशे आज उडवलंय!"