‘औषध लागलेली’ माणसे मोजताना

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही: अशी बाधा एका हंगामात एकूण किती जणांना होते? अॅट्रोपिन (अशा विषबाधेवर देतात तो उतारा) किती साठवायचे, खाटा किती राखायच्या, हातमोजे आणि मास्क किती गावांत पोहोचवायचे हे या आकड्यावर ठरते. आपण मात्र दवाखान्याच्या नोंदवहीत जेवढे रुग्ण सापडतात तेवढेच धरून चालतो.

नोंदवहीत न येणाऱ्यांची कारणे गावात बसल्यावर कळतात. रोजंदारीवर पंप पाठीला लावणाऱ्या माणसाला संध्याकाळी मळमळ झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो लिंबूपाणी पिऊन झोपतो; फार झाले तर जवळच्या खासगी डॉक्टरकडे सलाईन लावून घेतो. विषबाधेच्या रुग्णाची खबर पोलिसांना द्यावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. त्यातून आमच्या भागात कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात, आणि ‘औषध घेतले’ याचा अर्थ जीव द्यायचा प्रयत्न केला असा होतो. अशा बाधितांच्या शोधात मी घरोघर सर्वेक्षण करते; त्याच्या सुरुवातीला मी छापील प्रश्न वाचत असे, “घरात कुणाला विषबाधा झाली होती का?” प्रत्येक घरातून ‘नाही’ असे उत्तर येई. एका आजीबाईंनी मला जवळ बसवून सांगितले, “बाई, ‘औषध लागलं का’ असं विचार.” त्यानंतर त्याच गल्लीत तीन घरांतून ‘हो’ आले. ‘लागणे’ आणि ‘घेणे’ या दोन क्रियापदांतले अंतर आमच्या प्रश्नावलीला माहीत नव्हते.

तरीही घरोघर विचारून सगळे सापडत नाहीत. अशा वेळी उपयोगी पडणारी रीत मूळची मासे मोजणाऱ्यांची आहे: तळ्यातले काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळे टाकायचे आणि दुसऱ्या खेपेत खुणेचे किती आले ते पाहायचे. माणसांसाठी जाळ्यांच्या जागी दोन याद्या येतात. चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातील जन्ममृत्यूंची निबंधकाकडील नोंद आणि घरोघर विचारून केलेली यादी ताडून, दोन्हींतून सुटलेल्या घटनांचा अंदाज याच तर्काने काढला होता.

समजा, एका हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांच्या नोंदींत ६० नावे आहेत, आमच्या घरभेटींत ५० सापडली आणि २० नावे दोन्हींत आहेत. घरभेटीतल्या ५० पैकी २० दवाखान्यात पोहोचले, म्हणजे दर पाचांत दोन. दवाखान्याची ६० नावे हाही एकूण बाधितांचा तेवढाच हिस्सा मानला तर एकूण १५० होतात. याद्यांत मिळून ९० माणसे आहेत, म्हणजे ६० जण कुठेच नाहीत. आकडे लहान असतील तर अंदाज थोडा फुगतो; म्हणून सूत्रात किंचित बदल करणारी चॅपमनची दुरुस्ती लावतात, त्याने हा अंदाज १४७ वर येतो.

हिशेब सोपा आहे. माझे बहुतेक दिवस नावे जुळवण्यात जातात. एकाच तांड्यावर एका आडनावाची आणि एका नावाची चार माणसे असतात, रुग्णालयात वय अंदाजाने लिहिलेले असते आणि गावात त्या माणसाला टोपणनावाशिवाय कुणी ओळखत नाही. वरच्या उदाहरणात जुळणाऱ्या २० नावांपैकी ५ माझ्या नजरेतून निसटली, तर १५० चा अंदाज थेट २०० होतो. म्हणून मी तारखेऐवजी सणावरून विचारते: पोळ्याच्या आधी की नंतर, कुणाच्या वावरात, कपाशी तेव्हा किती उंच होती. एवढे कळले की दवाखान्याच्या नोंदीतला आठवडा बहुधा सापडतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात, असे ही रीत गृहीत धरते. ज्या आशाताईने रुग्णाला केंद्रात नेले, तिच्याच सांगण्यावरून मी त्याच्या घरी गेले, तर जुळणारी नावे फुगतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. त्यासाठी घरभेटीची यादी मी आता आशाताईंना न विचारता, आळीतल्या प्रत्येक घराचे दार ठोठावून करते. वेळ दुप्पट लागतो, पण त्याला पर्याय दिसत नाही. गंभीर आणि सौम्य बाधितांचा हिशेबही वेगळा ठेवते, कारण गंभीर माणूस दोन्ही याद्यांत सहज येतो आणि सौम्य लक्षणांचा कोणत्याच यादीत येत नाही. नियोजनालाही हे दोन आकडे वेगवेगळेच हवे असतात: पहिल्यासाठी अॅट्रोपिन आणि खाटा, दुसऱ्यासाठी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पंप दुरुस्तीची सोय.

दुसऱ्या तालुक्यातून कामाला येऊन हंगामानंतर परतणारे मजूर मात्र माझ्या दोन्ही जाळ्यांबाहेर आहेत. त्यांच्यासाठी यंदा ओळखींवरून विचारून पाहणार आहे: “तुमच्या ओळखीच्या, बाहेरून आलेल्या किती मजुरांना यंदा औषध लागले?” १९८५ च्या मेक्सिको शहरातील भूकंपात किती माणसे गेली, हे शोधताना संशोधकांनी याच वाटेने विचार केला होता. उत्तर देणाऱ्याच्या ओळखीचा घेर किती, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी तालुक्यात ज्यांची संख्या पक्की माहीत आहे अशा अंगणवाडी सेविकांपैकी आणि पोलीस पाटलांपैकी तो किती जणांना ओळखतो, हे प्रश्न मी प्रश्नावलीत सर्वांत आधी घातले आहेत. नाव कुणाचेही विचारायचे नाही, एवढे त्या पानाच्या माथ्यावर ठळक लिहून ठेवले आहे.