हिवाळ्यातील कळप आणि उन्हाळ्यातील एकांडा लांडगा

लांडग्याच्या शिकारीविषयी आपल्या मनात जे चित्र असते ते बहुधा हिवाळ्यातले असते. सगळीकडे बर्फ, एकामागोमाग एक धावणारे लांडगे आणि त्यांच्यापुढे जिवाच्या आकांताने पळणारे एखादे मोठे हरीण. हे चित्र खोटे नाही. परंतु ते पाहणाऱ्याच्या सोयीतून घडलेले आहे, असे उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या प्रदेशात झालेल्या दोन दीर्घ अभ्यासांविषयी वाचताना मला वारंवार वाटत आले आहे.

यांतील पहिला अभ्यास आइल रॉयल नावाच्या बेटावरचा आहे. सुमारे 72 किलोमीटर लांबीच्या या जंगली बेटावर मूस, म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोहोचले आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत लांडगेही तेथे आले. 1958 मध्ये डरवर्ड अ‍ॅलन यांनी या दोन प्राण्यांच्या संबंधाचा अभ्यास सुरू केला आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड मेक यांनी छोट्या विमानातून, बर्फावरील मागांच्या आधारे, लांडग्यांचा पाठलाग करून शिकारी प्रत्यक्ष पाहिल्या. मेक यांच्या नोंदींनुसार लांडग्यांनी ज्या 77 मूसांना गाठून आजमावले, त्यांपैकी केवळ 6 मारले गेले. मूस जागच्या जागी उभा राहिला आणि पुढच्या खुरांनी लाथा झाडू लागला, तर चारशे किलोंच्या त्या धुडाला भिडण्याच्या फंदात न पडता कळप पुष्कळदा थोड्याच वेळात पुढच्या वाटेला लागतो. जो पळतो त्याच्या मागे लांडगे लागतात आणि तोही जोमाने पळत राहिला तर त्याला सोडून देतात. मंडईत वांगी चाचपून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा चोखंदळपणा यात आहे. फरक इतकाच की येथे चाचपताना चुकले, तर बरगड्या मोडतात. पुढे रॉल्फ पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावर गोळा केलेल्या मूसांच्या हाडांवरून या निवडीचा अर्थ अधिक स्पष्ट झाला. लांडग्यांच्या तावडीत सापडणाऱ्यांत वासरे आणि वयस्क जनावरे यांचा भरणा मोठा असतो आणि म्हाताऱ्या जनावरांपैकी अनेकांच्या सांध्यांत संधिवाताच्या, तर जबड्यांत दातांच्या रोगाच्या खुणा आढळतात.

शिकार पडल्यानंतर जे घडते ते मला पाठलागाइतकेच महत्त्वाचे वाटते. लांडगे सहसा पोट फाडून यकृत, हृदय, फुप्फुसे असे मऊ अवयव आधी खातात, मग मांड्यांच्या मांसाकडे वळतात. जठरातील अर्धवट पचलेला पाला मात्र तसाच टाकून देतात. एक लांडगा एका बैठकीत नऊ-दहा किलो मांस पोटात घालू शकतो आणि त्यानंतर कित्येक दिवस उपाशी राहू शकतो. एवढी घाई कशासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर आकाशातून येते. रेव्हन हे डोमकावळ्यांच्या जातीतले मोठे पक्षी शिकारीवर थव्याने उतरतात, मांसाचे तुकडे तोडून नेतात आणि इतरत्र लपवून ठेवतात. जॉन व्हुसेटिक, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2004 मध्ये असे मांडले की लांडगे कळपाने का राहतात, याचे स्पष्टीकरण या पक्ष्यांच्या लुटीत सापडू शकते. एकटा लांडगाही मूस मारू शकतो, तशा नोंदी आहेत. जोडीला तर ते निश्चितच जमते. परंतु दोनच तोंडे असली की मांसाचा मोठा वाटा पक्ष्यांच्या घशात जातो, आणि पाच-सहा तोंडे असली की तो घरात राहतो. घरात हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण कळप म्हणजे बहुतेक वेळा एक नर-मादीची जोडी आणि तिची एक-दोन वर्षांतील पिल्ले, एवढेच कुटुंब असते. सैन्याची उपमा लांडग्यांना उगाचच चिकटली आहे.

पण हे सारे हिवाळ्यातले झाले. बर्फ वितळले, झाडांना पालवी फुटली की विमानातून काही दिसत नाही, आणि त्यामुळे उन्हाळ्यातला लांडगा अनेक दशके जवळपास अदृश्य राहिला. ती उणीव मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेलगतच्या व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात भरून निघाली. तेथे थॉमस गेबल आणि त्यांचे सहकारी लांडग्यांच्या गळ्यात दर वीस मिनिटांनी ठिकाण नोंदवणारे जीपीएस पट्टे बांधतात आणि लांडगा जेथे जेथे थांबला, तेथे नंतर पायी जाऊन केस, हाडे, रक्त, चघळलेली लाकडे असे जे मिळेल ते तपासतात. डास आणि दलदल यांनी भरलेल्या जंगलात हे काम करणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी आहे.

या नोंदींतून समोर आलेला लांडगा एकटा हिंडतो. (आपल्याकडे माळरानावर मेंढ्यांच्या वाड्याभोवती एकट्याने किंवा जोडीने घुटमळणारा लांडगा धनगरांच्या चांगल्या परिचयाचा आहे, त्यामुळे मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये.) जूनमध्ये तो हरणांची नुकती जन्मलेली पाडसे शोधतो, आणि वसंतापासून शरदापर्यंत त्याचे दुसरे मोठे सावज असते बीव्हर, म्हणजे झाडे कुरतडून ओढ्यावर लाकडांचा बंधारा घालणारा आणि त्यामागे साठलेल्या तळ्यात राहणारा प्राणी. पाण्यात बीव्हरला पकडणे जवळपास अशक्य; म्हणून तो झाडे तोडण्यासाठी ज्या पायवाटांनी किनाऱ्यावर येतो, त्या वाटांलगत किंवा त्याच्या बंधाऱ्यापाशी लांडगा दबा धरून बसतो, कधी कधी दहा-बारा तास. बीव्हरची नजर अधू, पण नाक तीक्ष्ण असते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दबा धरण्याच्या शेकडो जागा तपासल्या गेल्या, तेव्हा दहापैकी सुमारे नऊ जागा अशा निघाल्या की जेथे वारा बीव्हरकडून लांडग्याकडे वाहत होता. पाठलाग हाच लांडग्याचा धर्म, असे जे मानले जात होते, त्याला या एका आकड्याने मोठा छेद दिला.

त्याच परिसरात 2017 च्या वसंतात लांडगे ओढ्यातील मासे पकडून खाताना आढळले, आणि त्याच वर्षी एका प्रौढ लांडग्याने पोटातील ब्लूबेरी ओकून पिल्लांना भरवल्याचे पाहण्यात आले. मांस असे ओकून भरवणे ही लांडग्यांची जुनीच रीत. फळांचा घास दिला जाणे ही मात्र नवी नोंद होती.

बीव्हरच्या शिकारीचा परिणाम लांडग्याच्या पोटापुरता मर्यादित राहत नाही. जन्मघर सोडून नवीन जागी बंधारा बांधू पाहणारा तरुण बीव्हर अनेकदा एकटाच असतो. त्याला लांडग्याने मारले की डागडुजीअभावी बंधारा फुटतो, तळे उभे राहत नाही आणि त्या जागी पाणथळीऐवजी जंगलच राहते. 2020 मध्ये या गटाने अशी उदाहरणे प्रसिद्ध केली, ज्यांत मारल्या गेलेल्या बीव्हरची जागा वर्षभराहून अधिक काळ दुसऱ्या कोणीही घेतली नव्हती. याउलट, वसाहतीत स्थिरावलेल्या कुटुंबातला एखादा बीव्हर मारला गेला, तर उरलेले सदस्य बंधारा सांभाळतात आणि तळे टिकून राहते.