सीटी नॉर्मल, तरी भाऊ उठेना : एमआरआयचा आमचा अनुभव

माझा धाकटा भाऊ तासगावहून सांगलीला येत होता, रात्री साडेनऊची वेळ, समोर कुत्रं आलं आणि गाडी घसरली. हेल्मेट होतं डोक्यात. वरून बघितलं तर फक्त कोपर आणि गुडघा खरचटलेला, पण माणूस शुद्धीवर नाही. हॉस्पिटलात नेल्यावर आधी एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची नोंद, मग डोक्याचा सीटी स्कॅन. सीटी पाच मिनिटांत झाला पण. डॉक्टर म्हणाले कवटीला फ्रॅक्चर नाही, मोठा रक्तस्राव नाही, ऑपरेशनची गरज नाही. आई तिथंच देवाला हात जोडायला लागली. मी विचारलं मग हा उठत का नाही? ते म्हणाले जीसीएस सात आहे, थांबावं लागेल. जीसीएस म्हणजे डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं याचे मार्क, पूर्ण शुद्धीतल्या माणसाला पंधरा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं शंभरपैकी सात.

चार दिवस व्हेंटिलेटर. पाचव्या दिवशी नळी काढली, सहाव्या दिवशी डोळे उघडायला लागला, पण नजर कुठंतरी भलतीकडंच, हाक मारली तर ओ नाही. तेव्हा न्यूरोसर्जन एमआरआय करू म्हणाले. आमचे मामा लगेच, सीटी नॉर्मल आलाय ना, मग कशाला आता अजून खर्च? मला पण आतून तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. दह्याचं मडकं जोरात हिसडलं तर मडकं फुटत नाही, पण आतलं दही मोडतं. डोकं जोरात फिरून एकदम थांबलं की मेंदूचा एक भाग दुसऱ्यापेक्षा मागंपुढं सरकतो आणि मधले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे तंतू म्हणजेच व्हाइट मॅटर, मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारी वायरिंग. आणि ते सगळे त्याच क्षणी तुटतात असं नाही, काही ताणलेले तंतू पुढच्या काही तासांत, दिवसांत सुजून तुटतात. सीटीला हे बहुतेक वेळा दिसतच नाही. याला डीएआय म्हणतात, डिफ्यूज अॅक्सोनल इंज्युरी. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला हिसका पूर्ण थांबवू शकत नाही (म्हणून हेल्मेट घालू नका असं नाही हं, हेल्मेट नसतं तर मी हे लिहितच नसते).

आता एमआरआयची तयारी. फॉर्मवर पेसमेकर आहे का, क्लिप आहे का, शरीरात कुठं धातू आहे का, आणि मला एकदम आठवलं, याच्या हातात कॉलेजात असताना प्लेट बसवली होती! मग घरी फोन, वडिलांनी कपाट उपसून जुनं डिस्चार्ज कार्ड शोधलं, त्याचा फोटो पाठवला, प्लेट टायटॅनियमची निघाली, चालेल म्हणाले. करदोटा कापला, त्यातला ताईत आईच्या हातात दिला तर ती रडायला लागली. ऑक्सिजनचा साधा सिलिंडर दाराबाहेरच, चुंबक खेचून घेतं म्हणे, आत त्यांचा वेगळा. पहिल्या वेळी हा मशीनमध्ये डोकं हलवत राहिला, फोटो सगळे पुसट, वीस मिनिटं वाया. दुसऱ्या दिवशी सहा तास उपाशी ठेवून भूलतज्ज्ञांसमोर झोपेचं इंजेक्शन देऊन केला. बाहेर बाकावर बसून तो ठक ठक ठक आवाज ऐकत पाऊण तास, ते दिवस आठवले की अजून तोच आवाज येतो.

रिपोर्टमध्ये एसडब्ल्यूआय नावाच्या सिक्वेन्सवर (एमआरआयमध्येच फोटो काढायची एक वेगळी पद्धत, बारीक रक्तस्राव दाखवणारी) काळे ठिपके लिहिले होते, अकरा की बारा, आणि मधे स्प्लेनियममध्ये दोन. स्प्लेनियम म्हणजे मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पुलाचा मागचा भाग. म्हणून डीएआय ग्रेड दोन, तीनपैकी. मी रात्री गुगल केलं आणि सकाळपर्यंत झोपले नाही, करू नका हे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठाला ठिपका असता तर ग्रेड तीन, तो नाहीये, हे आधी बघा. आणि ठिपका म्हणजे तुटलेला तंतू नव्हे, तंतूंशेजारची बारीक रक्तवाहिनी फुटून सांडलेलं रक्त, त्यातल्या लोहामुळं चुंबकात काळं दिसतं. म्हणजे तंतूंचं खरं नुकसान यापेक्षा जास्तही असू शकतं. माझं एकच म्हणणं, डोक्याला मार लागून एमआरआय सांगितला असेल तर एसडब्ल्यूआय करणार ना, एवढं आधी विचारून घ्या, घाईच्या छोट्या स्कॅनमध्ये तो गाळला जाऊ शकतो.

मी डीटीआयबद्दल पण विचारलं, एमआरआयचाच एक प्रकार, ते रंगीत तंतूंचे फोटो असतात ना. त्यात मेंदूतलं पाणी तंतूच्या लांबीनं किती सरळ सरकतं ते मोजतात, शून्य ते एकमध्ये आकडा येतो, तंतू बिघडले की आकडा उतरतो. डॉक्टर म्हणाले संशोधनात खूप वापरतात, पण एकट्या पेशंटचा आकडा बघून हा कधी चालेल, कधी बोलेल हे मी सांगू शकणार नाही, पैसे फिजिओथेरपीला ठेवा. ठेवले.

नंतर कुठंतरी वाचलं की १९५६ साली ऑक्सफर्डच्या सबिना स्ट्रिच या डॉक्टरबाईंनी हे व्हाइट मॅटरचं नुकसान लिहून ठेवलं, तेव्हा माणूस गेल्यावर मेंदू कापूनच कळायचं. ते वाचून त्या खडखडाट करणाऱ्या मशीनबद्दलचा राग थोडा गेला.

सतराव्या दिवशी त्यानं आईला "पाणी" म्हटलं. आठ महिन्यांनी परत एमआरआय केला तर ठिपके जवळपास तसेच, मी घाबरले, तर डॉक्टर हसले, म्हणाले तो जुना डाग आहे, डाग राहतो. तोवर हा दुकानात बसायला लागला होता. हिशोबाला वेळ लागतो, पटकन चिडतो, एकच गोष्ट दोनदा विचारतो, संध्याकाळी चार माणसं एकदम बोलली की उठून आत जातो.

आता त्याला स्वतःचा मेंदू बघायचाय. दोन्ही सीड्या कपाटात आहेत, पण घरात कुणाच्याच लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. दर रविवारी विचारतो, मिळाला का गं ड्राइव्ह, ताई?