वस्तीची शांतता कशात मोजायची?

संध्याकाळचे साडेसात. पानठेल्यावर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटणं चालू आहे (बंदी आहे, ते राहू द्या), पण ठेलेवाल्यानं आज बाकडं बाहेर काढलेलं नाही. समोरच्या किराणावाल्याचं शटर अर्ध्यावर आलंय आणि रोज नऊपर्यंत थांबणारा ई-रिक्षावाला सवारी न घेताच निघून गेलाय. मोहल्ल्यात वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं. तो घरी फोन लावून पोरांना आत घ्यायला सांगतो. त्याच वेळी ठाण्याच्या स्टेशन डायरीत 'परिस्थिती शांत' अशी नोंद पडते, आणि तीही खोटी नसते. गुन्हा घडलेला नाही, दगड पडलेला नाही, मग दुसरं काय लिहिणार?

सुरक्षेची चर्चा आपल्याकडे बंदोबस्त, सीसीटीव्ही आणि दाखल गुन्ह्यांच्या आकड्यांवर येऊन थांबते. हे सगळं लागतं. फक्त हे आकडे घटना झाल्यावर हलतात आणि बाकड्या-शटरच्या खुणा त्याआधी. म्हणून या खुणा नीट गोळा करून, कागदावर आणून, दर तीन महिन्यांनी मोजाव्यात असं माझं म्हणणं आहे.

कल्पना नवी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं १९९४ च्या मानव विकास अहवालात सुरक्षेचा अर्थ देशाच्या सीमेवरून माणसाच्या रोजच्या जगण्यावर आणला आणि तिची अन्न, आरोग्य, समुदाय अशी सात अंगं सांगितली. पुढं रॉजर मॅक गिंटी आणि पामिना फिर्चो या अभ्यासकांनी दक्षिण आफ्रिका, दक्षिण सुदान, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या वस्त्यांना थेट विचारलं की तुमच्याकडं शांतता आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? उत्तरं तज्ज्ञांच्या यादीत कधीच नसतील अशी आली. रात्री कुत्री भुंकतात का, अंधारात घराबाहेर लघवीला जाता येतं का.

आता हे नागपुरात करायचं तर पहिला प्रश्न जागेचा. प्रभाग फार मोठा पडतो. पायी दहा मिनिटांत ओलांडता येईल असा, अडीचशे-तीनशे घरांचा तुकडा घ्या, आणि तो अशा ठिकाणी घ्या जिथं दोन वस्त्या एकमेकींना लागतात. महाल, हंसापुरी, मोमिनपुरा, इतवारीच्या बाजूला ही सीमा कित्येकदा एका रस्त्याच्या रुंदीची असते. एकाच समाजाची आळी घेतली तर निम्म्या खुणा हाती लागणार नाहीत.

मग चार गट बसवा: बायका, अठरा ते पंचविशीतली पोरं, वयस्क पुरुष, आणि दुकानदार-ऑटोवाले-फेरीवाले. एका गटात आठ ते दहा जण, वेळ दीड तास. दोन्ही समाजांचे गट पहिल्या खेपेला वेगवेगळे बसवलेले बरे. एकत्र बसवलं की सगळे फार शहाण्यासारखं बोलतात. बायकांची बैठक दुपारी दोन ते साडेतीनमध्ये, पोरं शाळेतून यायच्या आत. नळाला पाणी यायच्या वेळेला ठेवली तर कुणी येणार नाही. एकानं विचारायचं, एकानं लिहायचं. विचारणाऱ्यानं लिहू नये, कारण लिहिताना मान खाली जाते आणि बोलणारी बाई थांबते.

गाडी बहुतेक वेळा प्रश्नातच अडकते. 'तुम्हाला इथं सुरक्षित वाटतं का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'हो जी, सब ठीक आहे.' त्याऐवजी विचारा: 'आज रात्री पोरीला एकटीला मेडिकलमध्ये पाठवायचं की नाही, हे तुम्ही काय पाहून ठरवता?' 'सणाच्या आठ दिवस आधी तुम्ही कोणतं सामान भरून ठेवता?' 'कोणत्या दिवशी गाडी गल्लीत लावत नाही?' उत्तर वाक्यात येतं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहायचं. बाई म्हणाली, 'त्यांच्या डेअरीतून अजूनही दूध आणतो,' तर तेच उतरवा. लिहिणारा शिकलेला असला की त्याचा हात आपोआप 'सामाजिक सलोखा अबाधित' असं लिहितो, आणि त्या तीन शब्दांतून तीन महिन्यांनी काहीही मोजता येत नाही. दूध मोजता येतं. 'ऑटोवाला आमच्या चौकाचं नाव ऐकून नाही म्हणत नाही', 'ट्युशनहून येताना पोरगी लांबच्या रस्त्यानं येत नाही', 'लग्नाची पत्रिका पलीकडच्या गल्लीत जाते' हीसुद्धा मोजता येणारी वाक्यं.

या सगळ्या बैठकांतून पन्नासेक वाक्यं जमली तरी पुष्कळ. एकाच अर्थाची एकत्र करा आणि पुन्हा त्याच लोकांपुढं न्या. ही दुसरी फेरी वेळ नाही म्हणून हमखास गाळली जाते, आणि मग यादी लिहिणाऱ्याची होते, वस्तीची राहत नाही. प्रत्येकाला पाच हरभऱ्याचे दाणे द्या. वाक्यांच्या चिठ्ठ्या सतरंजीवर मांडा, ज्याला जे महत्त्वाचं वाटतं तिथं दाणा ठेवायचा. एकाच चिठ्ठीवर पाचही ठेवले तरी चालतील. वर आलेली दहा-बारा वाक्यं ही तुमची मोजपट्टी. बायकांच्या गटात पहिलं आलेलं वाक्य एकूण बेरजेत खाली गेलं तरी ते काढू नका. प्रत्येक गटाची पहिली दोन वाक्यं यादीत राहतीलच असा नियम आधीच करून ठेवा.

मोजणी सोपी आहे. चाळीस ते पन्नास घरं, दर पाच-सहा घरांनंतर एक, उत्तर तीनच प्रकारचं: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. कागदावर नाव नाही, घर क्रमांक नाही, फक्त गल्ली आणि स्त्री की पुरुष. या बाबतीत ढिलाई झाली तर कागद उद्या कुणाच्या तरी हातात 'उपद्रवी पोरांची यादी' म्हणून पडतो आणि तुम्हाला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. मोजणीत नगरसेवकाचा माणूस नको, वर्दीतला माणूस नको, आणि मोबाइलवर फोटो तर मुळीच नकोत.

खुणा फसवतातही. मे महिन्यात दुपारी तीनला गल्लीत चिटपाखरू नसतं त्याचं कारण पंचेचाळीस अंशांचं ऊन. दहावी-बारावीच्या परीक्षेत पोरं खेळत नाहीत. दंग्याच्या तिसऱ्या दिवशी दुकान उघडं दिसलं तर विश्वास परतला असं समजू नका. बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता असेल. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. दुसरा चकवा मोठा आहे. 'इथं काहीच होत नाही' असं सगळे म्हणतात, कारण ज्यांना होत होतं ती घरं विकून गेलेली असतात. एकूण आकडा बघितला तर वस्ती शांत दिसते. गल्लीनिहाय आणि गटनिहाय पाहिल्याशिवाय तो आकडा कुणालाही दाखवू नका.

पोलीस ठाण्यांच्या शांतता समित्या आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत. सणाच्या तोंडावर बैठक लागते, तीच वीस-पंचवीस माणसं येतात, डीजेच्या आवाजावर अर्धा तास जातो, चहा-समोसा होतो, 'आमचं पूर्ण सहकार्य राहील' म्हणून सगळे उठतात. बायका दोन-तीन, पोरं शून्य. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं ज्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या त्यांचा भर रोजच्या संपर्कावर आणि किरकोळ भांडणं वेळेत मिटवण्यावर होता. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नाली, पार्किंग, कचरा यांच्या भांडणांसाठी जे वर्षभर एकमेकांना भेटतात, तेच रात्री अकराला एकमेकांचा फोन उचलतात.

अफवेच्या बाबतीत तास मोजावे लागतात. १७ मार्च २०२५ ला महालमध्ये दुपारी आंदोलन झालं, त्यात धार्मिक मजकूर असलेलं कापड जाळल्याची अफवा पसरली, दगडफेक संध्याकाळी झाली, आणि हंसापुरीत गाड्या-दुकानांची तोडफोड रात्री उशिरा. म्हणजे अफवा आणि पहिला दगड यांच्यात काही तास होते. त्या तासांत काय करायचं हे आधी ठरलेलं असेल तरच ते उपयोगी पडतात. प्रत्येक चौकाला दोन माणसं, दोन समाजांची, त्यांचे नंबर कागदावर. बातमी आली की दोघांनी मिळून जागेवर जायचं, पाहायचं, आणि एवढंच सांगायचं: 'आम्ही दोघं इतक्या वाजता जाऊन आलो, हे दिसलं, हे दिसलं नाही.' न पाहता 'अफवा आहे' असं कधीही लिहू नये. त्यातलं एक अक्षर खरं निघालं तर पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकत नाही. आक्षेपार्ह फोटो खोडून काढण्यासाठीसुद्धा पुढं पाठवू नये. आणि गोष्ट खरीच असेल तर खरी आहे म्हणा, चार माणसं घेऊन ठाणेदाराकडं जा, तक्रार नोंदवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती प्रत हातात घेऊन बाहेर आलेला माणूस बाहेरच्या गर्दीला जे सांगू शकतो ते लाउडस्पीकरवरच्या आवाहनाला जमत नाही.

मात्र 'स्थानिक' म्हटलं की सगळं चांगलंच, या भ्रमात राहू नये. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरातल्या बायकांच्या जमावानं अक्कू यादव या गुंडाला नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच ठार केलं. त्याच्याबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षं वाऱ्यावर गेल्या होत्या. वस्तीची मोजपट्टी कुणी वाचलीच नाही की वस्ती कुठवर जाते, हे या शहरानं पाहिलं आहे. दुसऱ्या टोकाला जातपंचायती. त्याही स्थानिकच, त्यांच्याकडंही शांतता असते, वाळीत टाकण्याच्या भीतीनं आलेली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळं वस्तीत अशी मोहल्ला समिती उभी केलीत तर तिच्या पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा की आपण काय मिटवणार नाही: घरातली मारहाण, लैंगिक गुन्हे, अ‍ॅट्रॉसिटीचं प्रकरण, मुलांबाबतचं काहीही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्यात तर माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे. 'गल्लीतली गोष्ट गल्लीत राहू द्या' असं म्हणणारा एकतरी ज्येष्ठ निघतोच. त्याला नम्रपणे कायदा दाखवायचा.

बाकी शेजारभांडणांसाठी अगदी अलीकडं, २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद केली गेली. दोन्ही बाजूंची संमती आणि तीन मध्यस्थ. तडजोड झाली तरी ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अमलात आणता येत नाही, हे दोघांनाही आधी सांगा. कायद्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतात, तेव्हा अर्ज लिहिण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक चक्कर मारा.

मोजणीचे निकाल कुणाला द्यायचे? सगळा गठ्ठा कुणालाच नाही. 'ट्युशनहून येताना लांबचा रस्ता' हे वाक्य घसरलं आणि कारण अंधार निघालं, तर तो कागद मनपाच्या झोन कार्यालयात, बंद दिव्याच्या खांबाची खूण आणि तारखेसकट. रात्रीच्या गस्तीचा प्रश्न असेल तर ठाणेदाराकडं, वार आणि वेळ लिहून. 'गस्त वाढवा' एवढंच लिहिलं की पहिले चार दिवस गाडी येते, मग थांबते. दूध आणि लग्नाची पत्रिका हे मात्र कुठल्याच कार्यालयाचं काम नाही, ते समितीच्या बैठकीत सतरंजीवर.

पहिली मोजणी जुलैत, पोळा आणि मारबतीची गर्दी सुरू व्हायच्या आधी. दुसरी दसरा-धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपल्यावर, तिसरी जानेवारीत, चौथी एप्रिलच्या शेवटी, रामनवमी आणि आंबेडकर जयंती झाल्यावर. मे टाळा, उन्हात दार वाजवलं तर लोक उत्तर देण्याआधी पाणी विचारतात, आणि पन्नास घरांचं पाणी पिऊन कुणाची मोजणी पूर्ण होत नाही.