चारी

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी स्पीच थेरपिस्ट आहे. हे सांगितलं की लोक हमखास ओळखीतल्या कुणाच्या तरी तोतऱ्या मुलाबद्दल विचारतात. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसांबरोबर जातो.

काही वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा. वय ६८, मूळचे साताऱ्याकडचे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बारा वर्षं काढलेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर साच्यावर परत उभे राहिलेच नाहीत. मग वॉचमनकी, मग भाजीची गाडी. हे सगळं मला आजींकडून कळलं, कारण आजोबांना सांगता येत नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती, उजवा हात-पाय लुळा पडला होता. समजत बहुतेक सगळं होतं. 'दार कुठंय?' म्हटलं की डाव्या हाताने बरोबर दाखवायचे. बोलायला गेले की मात्र एकच शब्द बाहेर यायचा. "त्याच्यात... त्याच्यात."

अशा बऱ्याच पेशंटांचा एखादा शब्द असा अडकून बसतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या माणसावरून बोलण्याची ही जागा मेंदूत दाखवून दिली, त्याला जवळजवळ 'तॅन' एवढंच म्हणता यायचं.

मी चित्रांची कार्डं काढली. कुलूप, चमचा, छत्री. छत्रीचं कार्ड बघून आजोबांनी डावा हात वर नेत छत्री उघडल्याची खूण केली, तोंड उघडलं, आणि "त्याच्यात". त्यांनी ते कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि गादीवर उलटं ठेवून दिलं. पुढची कार्डं मी काढलीच नाहीत.

अशा वेळी आम्ही पाठ असलेल्या गोष्टींकडे वळतो. आकडे, वार. दोन्ही जमेना. आजी इतका वेळ स्टुलावर गप्प बसल्या होत्या. म्हणाल्या, "सोमवार-मंगळवार त्यांनी कवा म्हटलेत हो बाई? हरिपाठ म्हणायला लावा. पाळी सुटली की चाळीतल्या मंडळात टाळ धरून बसायचे."

माझी पंचाईत झाली. मी बोरिवलीत वाढलेली, इंग्रजी शाळेतली. हरिपाठ आजीच्या तोंडून ऐकलेला, तोही तिच्याबरोबरच गेला म्हणा. तरी पहिल्या अभंगाची चाल आठवत होती. त्यांचा डावा हात हातात घेतला, गादीवर ठेका धरला आणि म्हटलं, "देवाचिये द्वारी..."

"उभा क्षणभरी," आजोबा म्हणाले.

स्वच्छ. अगदी 'क्ष'सुद्धा.

मुलाने लगेच मोबाइल काढला. "मॅडम, चमत्कार!" मी त्याला तो खिशात ठेवायला लावला. हा चमत्कार नव्हता आणि मला तसं भासवायचंही नव्हतं. वर्षानुवर्षं म्हटलेलं, चालीत बसलेलं बोलणं अशा पेशंटांच्या तोंडून पुष्कळदा निसटून येतं. स्वतःचं वाक्य जुळवावं लागतं, हे जुळवावं लागत नाही. त्यामुळे अभंग म्हणणारा माणूस पाणी मागू शकेल, असं अजिबात नाही. घरच्यांना हे सांगणं, हा माझ्या कामातला सगळ्यात नावडता भाग.

मी पुढची ओळ घेतली. "तेणें मुक्ती सारी..."

ठेका थांबला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. "नाय."

मला वाटलं, दमले.

त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला, अंगठा दुमडला आणि चार बोटं माझ्या नाकासमोर धरली. "चारी."

मुक्ती चारी. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. लहानपणापासून मी ती ओळ चुकीची म्हणत आले होते आणि कुणी टोकलं नव्हतं. ज्या माणसाला सकाळपासून स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं, त्याने टोकलं. अभंग आपोआप येतो, चूक काढणं आपोआप येत नाही. त्यासाठी ऐकावं लागतं, पटत नाही हे ठरवावं लागतं आणि तसं सांगावं लागतं. ते 'नाय' त्यांचं स्वतःचं होतं. मुलाने मोबाइल ठेवला होता, तो ठेवलेलाच राहिला. आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "माझ्याबी चुका अशाच काढायचे."

मग आम्ही पहिल्यापासून म्हटलं. या खेपेला फरशी पुसणाऱ्या मावशी काठीला टेकून उभ्या राहिल्या आणि 'हरि मुखें म्हणा'ला शेजारच्या खाटेवरचे टॅक्सीवालेही आले. 'असोनि संसारी जिव्हे वेगु करी' या ओळीशी मी अडखळले. संसारात असलास तरी जिभेची त्वरा कर. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली. ही ओळ म्हणजे नामाची घाई आहे, माझ्या वॉर्डाचा त्यांना काय पत्ता. पण लुळ्या जिभेचा माणूस ती समोर म्हणत असताना दुसरा अर्थ मनात आल्यावाचून राहिला नाही.

चालीवर वाक्य बसवून, डाव्या हाताने ठेका धरून बोलतं करायची एक पद्धत आहे. १९७३ साली बोस्टनमध्ये ती मांडली गेली. त्याच चालीत मी "पाणी द्या" बसवलं. पंधरा-वीस वेळा झालं, मला "पा" मिळाला. पहिल्या दिवसाला "पा" पुष्कळ असतो. पुढचे तीन महिने आठवड्यातून दोनदा हेच चाललं, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

निघण्याआधी नियमाप्रमाणे आकडे पुन्हा घेतले. मी बोटं दाखवत गेले.

"एक... दो... ती..." आणि चौथ्या बोटाला, "चारी."

मी फाइलमध्ये 'आधीचाच शब्द पुन्हा' असं लिहायला घेतलं. आमच्याकडे याला लक्षण म्हणतात. सहज मान वर केली, तर आजोबा तोंडाच्या चालत्या बाजूने हसत होते आणि मला समजलं का, ते बघत होते.

लिहिलेलं खोडलं.