विकायची म्हणून जोडलेली गाडी

गिऱ्हाईक "कधी होईल?" असं विचारत असतं तोवर मला काळजी नसते. पहिल्या वर्षी हा प्रश्न आठवड्याला येतो, दुसऱ्या वर्षी महिन्याला. तो यायचा बंद झाला, की समजायचं गाडी गेली. पैसे वेळेवर येत असतात, फोनवर बोलणंही नीट असतं, पण माणूस मनातून उठून गेलेला असतो. जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करण्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढून एवढं एक लक्षण मला अचूक ओळखता येतं. तरीही मी त्यावर काही करत नाही, हेही खरं.

ही गाडी होती 1959 ची मॉरिस मायनर. दोन दारांची, 948 सीसी इंजिनाची. मालकाला ती वारशाने मिळाली, तिच्याशी लहानपणीच्या आठवणी जोडलेल्या होत्या, अशातली काही भानगड नव्हती. कुठेतरी फोटो बघितला, गोल गोल आकार आवडला आणि घेतली. बसने ऑफिसला जाणारा, हिशोबी माणूस. पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, "दीड वर्षात होईल ना?" मी "बघू" म्हटलं. त्या "बघू"त बरंच काही दडलेलं होतं आणि ते तेव्हाच उघड करून सांगायला हवं होतं.

गाडी खोलायला आम्हाला चार दिवस लागले. खोलणं हे फार फसवं काम. रोज काहीतरी मोठं निघतं, फोटो छान येतात, मालक शनिवार-रविवारी स्वतः येऊन हात काळे करतो आणि सगळ्यांना वाटतं, काय वेग आहे! चार दिवसांत आम्ही गाडीची तीसेक खोकी केली. काहींवर नावं नीट घातली होती. एका खोक्यावर मी नुसतं "नंतर" असं लिहिलेलं नंतर सापडलं.

मग सुरू झालं पत्राकाम. ज्यांना मायनर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या गाडीच्या पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडी पुढून मागे जाते, तिला टॉर्शन बार म्हणतात. चाक वर उचललं गेलं की दांडीला पीळ पडतो, आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. या दांड्यांची मागची टोकं पुढच्या सीटखालच्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेली असतात. नेमका तोच क्रॉसमेंबर टोकांना गंजतो. वरून पाहिलं तर गाडीचा तळ शाबूत दिसतो, आणि खालून स्क्रूड्रायव्हर टोचला की मुठीपर्यंत आत जातो. आमचा तसाच गेला. क्रॉसमेंबर बदलायचा तर सिल, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या, कापायचे. सिल कापायचे तर आधी दारांच्या चौकटीत आडवेतिडवे पाइप वेल्ड करून घ्यायचे, नाहीतर बॉडी मधोमध वाकते आणि दारं जन्मात नीट लागत नाहीत. सिल कापल्यावर दारामागच्या खांबाचं बूड दिसलं. तेही गेलेलं होतं. मग मागच्या पाट्यांच्या कमानीचे हँगर.

हे सगळं मिळून चौदा महिने चाललं. आणि यातलं एकही काम गाडी तयार झाल्यावर दिसणार नव्हतं. सिलच्या आतल्या पट्टीवर मी तीन दिवस घालवले. पत्रा तापून ताणला जाऊ नये म्हणून इथे एक टाका, मग हातभर लांब दुसरा टाका, मग थांब, निवू दे. चौथ्या दिवशी बाहेरचा पत्रा बसला आणि ते तीन दिवस कायमचे झाकले गेले. मालकाला मी महिन्याच्या महिन्याला बिल पाठवत होतो, त्यावर एकच ओळ: "पत्राकाम चालू." फोटो एकही नाही. आज वाटतं, असं बिल मला कोणी पाठवलं असतं तर मी दुसऱ्याच महिन्यात भांडायला गेलो असतो. तो भांडला नाही. तो विचारायचाच बंद झाला.

मायनरचा अजून एक घोळ आहे. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनवून मिळतो. ऐकायला छान वाटतं. पण दुर्मीळ गाडीचा मालक एखाद्या भागासाठी सहा महिने अडकून पडतो, तेव्हा त्याच्या खिशालाही सहा महिने विश्रांती मिळते. मायनरवाल्याला ती नाही. रबर मिळतं, पत्रा मिळतो, बुश मिळतात, सगळंच मिळतं आणि म्हणून बिल थांबतच नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी खर्चाचा आकडा तयार गाडीच्या बाजारभावाच्या पुढे गेला. माझ्या वहीत 640 तास झाले होते आणि गाडी अजून बिनचाकांची, स्टँडवर.

चौथ्या वर्षी एका सोमवारी त्याचा फोन आला. "विकतोय. शुक्रवारी संध्याकाळी माणूस ट्रक घेऊन येईल. फक्त एक अट आहे त्याची. गाडी चाकांवर हवी, ढकलून ट्रकवर चढवता आली पाहिजे."

मी "ठीक आहे" म्हटलं. खरं सांगायचं तर सुटलो असं वाटलं. क्रॉसमेंबर पूर्ण होऊन बरेच महिने झाले होते, मी त्या गाडीवर कव्हर टाकून तिला कोपऱ्यात ढकलली होती. म्हणजे ढकलली असती, चाकं असती तर. उत्साह काय फक्त मालकाचाच जातो असं थोडंच आहे.

मागचा अ‍ॅक्सल आणि पाटे आम्ही गुरुवारीच बसवून टाकले. शुक्रवारी सकाळी आठला तो स्वतः आला, जुने कपडे घालून. म्हणाला, "रजा टाकलीय. सामान नीट मोजून द्यायचंय त्या माणसाला." आल्या आल्या खोक्यांची यादी करायला बसला. मी आणि माझ्या हाताखालचा मुलगा पुढच्या सस्पेन्शनला लागलो.

ते भाग दोन वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलेले होते. घासलेले, काळा रंग दिलेले, नवे बुश, नवे ट्रनियन, सगळं ग्रीसच्या कागदात गुंडाळलेलं. ट्रनियन म्हणजे ज्यांच्या आट्यांवर पुढचं चाक वळतं ते धातूचे तुकडे. मायनरमध्ये त्यांना नेमाने ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात आणि चालत्या गाडीचं चाक आडवं होऊन पडतं. मी एक एक भाग उघडून बाकावर मांडत होतो. यादी करणारा माणूस मधूनच उठून बघायला येऊ लागला.

"हे सगळं केव्हा झालं?"

"दोन वर्षं झाली."

"मला दाखवलं नाहीत."

मी काहीच बोललो नाही.

अकराच्या सुमारास मी ड्रायव्हरच्या बाजूची टॉर्शन बार उचलली. या दांडीला ओरखडासुद्धा चालत नाही, कारण पीळ खाणारं पोलाद ओरखड्यापासूनच तडकतं. म्हणून मी ती फडक्यात धरून घेऊन चाललो होतो. डावी-उजवी बदलूनही चालत नाही, वापरलेल्या दांडीला एकाच बाजूच्या पिळाची सवय झालेली असते. ते तपासून घेतलं, दांडी जागेवर नेली, आणि मागून आवाज आला.

"मास्टर सिलिंडर?"

मी वळलो. तो हातात यादीचा कागद धरून उभा होता.

"मास्टर सिलिंडर अजून खोक्यात आहे," तो म्हणाला. "सतरा नंबरच्या."

या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीच्या पोकळ लांब तुळईत बसवलेला असतो. तो धरणारे लांब बोल्ट आडवे आहेत आणि एकदा टॉर्शन बार शेजारून गेली की ते बोल्ट सरळ बाहेर निघत नाहीत. दांडी अडवते. मायनरवाले यावर पिढ्यानपिढ्या शिव्या देत आलेत. म्हणून सिलिंडर आधी, दांडी नंतर. मला हे माहीत होतं, फक्त त्या दिवशी त्याची फिकीर नव्हती.

"आज गाडी ढकलायचीच आहे ना," मी म्हटलं. "ब्रेकचं तो बघून घेईल."

"त्याला दांडी परत काढावी लागेल."

"लागू दे की. गाडी तुमची थोडीच राहणार आहे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तरी पण," आणि सतरा नंबरचं खोकं उघडायला गेला.

हे त्याला कुठून कळलं, ते मी जेवताना विचारलं. तर हा माणूस पहिली दोन वर्षं रोज रात्री या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल वाचत होता. पानं पाठ होती त्याला. पण इथे येऊन करायला काही नव्हतं. वेल्डिंग त्याला येत नाही, आणि वेल्डिंगशिवाय दुसरं काही मी चौदा महिने काढलंच नव्हतं. वाचलेलं हळूहळू मागे पडलं. "शेवटी मॅन्युअल बघितलं की कसंतरीच व्हायचं," म्हणाला, "कपाटात ठेवून दिलं." मला माझी ती खोकी आठवली. ट्रनियन साफ करायला, बुश दाबायला, ब्रेक ड्रम रंगवायला वेल्डिंग कुठे लागतं? ही सगळी कामं त्याच्या दोन हातांना देता आली असती. मी ती रिकाम्या वेळात स्वतः उरकली, कागदात गुंडाळली आणि तासांत लावली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्यात, त्या इथेच सांगून टाकतो. एक, गाडी सगळी एकदम खोलत नाही. जमेल तितके दिवस चाकांवर ठेवतो, एका कोपऱ्याचं काम संपवून त्याचं चाक परत लावतो, मगच दुसरा कोपरा. पत्राकाम जास्त असेल तर हे जमत नाही, आणि वेळही जरा जास्त जातो. दोन, झाकायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो.

दुपारी खरी मजा आली. चाक धरणारा खालचा आर्म दांडीच्या पिळाविरुद्ध जॅकने वर उचलून वरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आर्मला जोडायचा असतो. पण इंजिन नसलेली बॉडी इतकी हलकी, की आर्म उचलायला गेलो तर दांडी पिळण्याऐवजी अख्खी गाडीच स्टँडवरून उठायला लागली. मग इंजिनच्या जागी वाळूची चार पोती, त्यावर गिअरबॉक्स, आणि तरी कमी पडलं म्हणून त्याच गाडीचा मोकळा इंजिन ब्लॉक चेनवर टांगून वर ठेवला. ताणलेल्या आर्मसमोर कोणी उभं राहायचं नाही अशी मी सक्त ताकीद दिली. तो बाजूला पालथा पडून टॉर्चच्या उजेडात भोक कधी जुळतंय ते सांगत होता. "अजून जरा... अजून... थांबा!" मी बोल्ट सरकवला. त्याने नट आवळला आणि स्प्लिट पिन घालून तिची दोन्ही टोकं स्वतः वाकवली. मुलगा दुसरी पिन घालायला पुढे झाला तर त्याला म्हणाला, "राहू दे, मी घालतो."

पाचच्या सुमारास चारही चाकं लागली. चौदा इंची, प्रत्येकी चार नट. जॅक उतरवला, स्टँड काढले, पोती काढली. साडेतीन वर्षांनी गाडी जमिनीवर आली आणि आम्ही तिघांनी ती हात-दोन हात पुढे ढकलली. काहीच जोर लागला नाही. तो परत ढकलत मागे घेऊन आला. मग पुन्हा पुढे.

बॉनेट नुसतं वर ठेवून बघू या, असं तोच म्हणाला. ठेवलं. मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक उठावदार सपाट पट्टी असते. 1948 साली ही गाडी लोकांसमोर येण्याच्या थोडं आधी तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस याला ती अरुंद वाटली. त्याने तयार नमुना मधून उभा कापायला लावला, दोन्ही अर्धी लांब सरकवत नेली आणि चार इंचांचं अंतर पडल्यावर म्हणाला, आता बरोबर. ती पट्टी म्हणजे त्या चार इंचांची खूण. मी हा किस्सा सांगायला लागलो, तर पुढचं त्यानेच सांगितलं.

साडेसहाला ट्रक आला. घेणारा माणूस जाणकार होता. सरळ खाली घुसला, क्रॉसमेंबर टोकांना हातोडीने वाजवून बघितला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "काम चांगलंय." मग मालकाकडे वळून, "माझ्याकडे अशा दोन पडल्यात. एक आठ वर्षं, एक सहा."

"त्यांचं काय करताय?"

"करायच्या आहेत," तो म्हणाला.

मालकाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. त्यांचं पुढचं बोलणं मी ऐकलं नाही, हात धुवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ट्रक रिकामा वळत होता. घेणारा चिडलेला दिसत नव्हता. त्याला याची सवय असावी. ट्रकचं येण्याजाण्याचं भाडं मालकाने तिथल्या तिथे दिलं आणि मला म्हणाला, "लिहा गाडीच्याच खात्यात." मी लिहिलं. रकाना सापडेना, म्हणून पत्राकामाखाली घातलं.

अंधार पडायला लागला होता. निघताना तो दारापाशी थांबला, उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून गाडीकडे बघत राहिला.

"पुढून फार उंच दिसतेय."

"इंजिन नाही ना," मी म्हटलं. "वजन आल्याशिवाय उंची बघण्यात अर्थ नाही. इंजिन बसलं की खाली येईल, मग दांड्या लावू नीट."

त्याने मान हलवली. उठला, गुडघ्यावरची धूळ झटकली.

"मग इंजिन कधी बसवायचं?"